थुंकीच्या नळीतून सोयरिकीचे उत्तर येत नाही

सांगलीहून एका भगिनींनी लिहिलेल्या दीर्घ पत्रातील मुद्द्याचा भाग असा आहे:

"माझी थोरली मुलगी सत्तावीस वर्षांची आहे. तीन वर्षांपूर्वी तिला आठ दिवस ताप आला. ताप उतरला, पण ती पूर्वीसारखी झालीच नाही. रविवारी केस धुतले की मंगळवारपर्यंत अंथरुणात असते. पुण्याच्या डॉक्टरांनी एमई-सीएफएस असे निदान लिहून दिले आहे. यजमानांना ते पटत नाही, ते तिला पहाटे उठवून चालायला नेतात. माझ्या थोरल्या नणंदेलाही विषमज्वरानंतर असेच झाले होते. तिला सगळे सोंगाडी म्हणत, आणि ती गेली तीही तेच नाव घेऊन. आता लीड्सला असलेल्या मुलाने बातमी पाठवली आहे की या आजाराची जनुके सापडली. पाठोपाठ एका लॅबचा माणूस घरी येऊन गेला. बावीस हजारांत थुंकीची तपासणी करून दोष कोणाकडून आला ते सांगतो म्हणाला. धाकटीसाठी स्थळे पाहतो आहोत. तपासणी करावी का? आजार घराण्यात आहे का, आणि असेल तर पाहुण्यांना काय सांगायचे?"

ताई, नमस्कार.

बावीस हजार रुपये त्या माणसाला देऊ नका. हे आधीच सांगून टाकतो, कारण असे लोक होकार मिळेपर्यंत फेऱ्या मारत राहतात. एमई म्हणजे मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस आणि सीएफएस म्हणजे क्रॉनिक फटीग सिंड्रोम. ही दोन्ही नावे आता बहुधा जोडूनच वापरली जातात. या आजाराचे निदान करणारी, किंवा तो घरात पुढे कोणाला होईल हे सांगणारी जनुकीय तपासणी आज उपलब्ध नाही. पुण्यामुंबईत नाही आणि ज्या एडिनबर्गमधून ही बातमी आली तेथेही नाही. अशा तपासण्यांचे जे अहवाल माझ्यासमोर आले आहेत, त्यांत एमटीएचएफआर या जनुकातले फेरफार लाल शाईत छापलेले असत, आणि तेच फेरफार ठणठणीत माणसांतही सर्रास आढळतात. अहवालाच्या शेवटच्या पानावर जीवनसत्त्वांच्या गोळ्यांची यादी असे, आणि त्या गोळ्याही तेथूनच घ्यायच्या असत.

तुमच्या मुलाने पाठवलेली बातमी मात्र खोटी नाही. ती नीट समजून घेतली तर तुमच्या तीनही प्रश्नांची उत्तरे बऱ्याच अंशी तिच्यातच मिळतील.

ब्रिटनमध्ये डिकोडएमई या नावाचा एक अभ्यास झाला. एडिनबर्ग विद्यापीठातील प्राध्यापक क्रिस पाँटिंग आणि ॲक्शन फॉर एमई ही रुग्णांसाठी काम करणारी संस्था यांनी तो मिळून चालवला. त्यासाठी २०२० साली तेथील सरकारी संशोधन निधीतून ३२ लाख पौंड मंजूर झाले, आणि अभ्यासाची आखणी करताना खुद्द रुग्ण टेबलाभोवती बसलेले होते. सप्टेंबर २०२२ मध्ये नोंदणी सुरू झाली. या आजाराचे कित्येक रुग्ण घराबाहेर पडू शकत नाहीत, म्हणून त्यांना रुग्णालयात बोलावण्याऐवजी थुंकी भरण्याची नळी टपालाने घरी पाठवली गेली. अंथरुणातल्या माणसाने ती भरायची आणि कोणीतरी ती पेटीत नेऊन टाकायची, एवढेच काम होते. दमलेला प्रत्येक माणूस या अभ्यासात घेतला गेला नाही, हे विशेष लक्षात घ्या. थोडे श्रम झाले की काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी सगळी लक्षणे उसळतात आणि विश्रांती घेऊनही दिवसचे दिवस उतरत नाहीत, हे लक्षण असणे ही प्रवेशाची अट होती. तुमच्या मुलीचे रविवार ते मंगळवार हे त्याच लक्षणाचे वर्णन आहे. पुण्याच्या डॉक्टरांनी विचार करून निदान केलेले दिसते.

ऑगस्ट २०२५ मध्ये या अभ्यासाचे पहिले निष्कर्ष जाहीर झाले. १५,५७९ रुग्णांचा डीएनए २,५९,९०९ इतर लोकांच्या डीएनएशी ताडून पाहिला गेला आणि आठ ठिकाणी फरक आढळला. डीएनए हा अक्षरांचा एक प्रचंड ग्रंथ आहे असे समजा. त्यातल्या लाखो जागा अशा आहेत की तेथे काही माणसांत एक अक्षर असते आणि काहींत दुसरे. त्यांपैकी आठ ठिकाणी रुग्णांमध्ये एक अक्षर इतरांपेक्षा किंचित अधिक वेळा दिसले. या वाक्यातला "किंचित" हा शब्द त्या माणसाने तुम्हाला सांगितला नसणार.

तुमच्याच गावचे उदाहरण घेऊ. सांगलीच्या मार्केट यार्डात दोन गावांहून हळदीची हजारो पोती आली आणि प्रत्येक पोत्याचा रंग मापून सरासरी काढली, तर एका गावची हळद दुसऱ्या गावच्या हळदीपेक्षा जराशी अधिक पिवळी निघेल. पोती हजारो असल्यामुळे हा निष्कर्ष पक्का असतो, आणि त्यावरून दोन्ही गावांच्या मातीत काय वेगळे आहे याचा शोधही घेता येतो. पण कोणी एकच हळकुंड तुमच्या हातावर ठेवून ते कोणत्या गावचे असे विचारले, तर त्या सरासरीचा काडीचाही उपयोग होत नाही. डिकोडएमईने मातीचा शोध घेण्याची वाट दाखवली आहे. लॅबचा माणूस तुम्हाला हळकुंडाचे भविष्य विकतो आहे. शिवाय ती अक्षरे दुर्मीळ नाहीत. त्यांतली काही तुमच्या मुलीत असतील, काही तुमच्यात, काही लीड्सच्या धडधाकट मुलात आणि काही माझ्यातही असतील. त्यामुळे "दोष कोणाकडून आला" या प्रश्नाला येथे काही अर्थच उरत नाही.

मग या आठ ठिकाणांतून हाती काय लागले? त्या जागांच्या आसपास असलेली जी जनुके सर्वात संभाव्य मानली गेली आहेत, त्यांतली काही जंतुसंसर्गाला शरीर जे उत्तर देते त्याच्याशी निगडित आहेत. आरएबीजीएपी१एल, बीटीएन२ए२ आणि ओएलएफएम४ अशी त्यांची नावे आहेत. ती पाठ करण्याची गरज नाही, पण मुलीचा आजार तापानंतर सुरू झाला ही तुमची आठवण या दिशेशी जुळते. आणखी एका ठिकाणाजवळ सीए१० हे जनुक असून दीर्घकाळ टिकणाऱ्या वेदनांशी त्याचा संबंध आधीच्या अभ्यासांत दिसला होता. शरीराच्या कोणत्या भागात ही जनुके अधिक कार्यरत असतात याचा हिशेब केला तेव्हा मेंदूतल्या पेशीजालांकडे कल दिसला. नैराश्य किंवा चिंताविकार यांच्याशी मात्र या आठांपैकी कोणत्याही ठिकाणाचा संबंध आढळला नाही.

हे शेवटचे वाक्य यजमानांना शांतपणे वाचून दाखवा. मुलगी मनाने खचलेली नाही असे मी म्हणत नाही. तीन वर्षे अंथरुणात काढून, वर सोंगाचा आरोप सोसून कोण खचणार नाही? पण मन खचल्यामुळे हा आजार होतो, या समजुतीला त्या आकड्यांत आधार सापडलेला नाही.

या निष्कर्षांना मर्यादाही आहेत, आणि त्या लपवून ठेवल्या तर माझ्यात आणि त्या विक्रेत्यात फरक राहणार नाही. इतर तज्ज्ञांकडून तपासणी होण्यापूर्वीच हे निष्कर्ष जाहीर केले गेले. ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या दुसऱ्या संग्रहांत तीच ठिकाणे पडताळून पाहिली तेव्हा ती तशी जुळून आली नाहीत. त्या संग्रहांत रुग्ण ठरवण्याची पद्धत वेगळी होती हे एक कारण असू शकेल, पण पडताळणी शिल्लक आहे हे खरेच. सहभागी झालेल्यांत पाचात चारांहून अधिक स्त्रिया होत्या, तरीही हा आजार स्त्रियांनाच जास्त का होतो याचे उत्तर या आठ ठिकाणांतून मिळाले नाही. आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, हे विश्लेषण युरोपीय वंशाच्या लोकांपुरते होते. एका वंशसमूहात आढळलेल्या खुणा दुसऱ्या समूहात तितक्याच बोलक्या असतात असे नाही. आपल्याकडे जीनोम इंडिया प्रकल्पात दहा हजार भारतीयांचे जनुकसंच वाचले गेले आहेत, पण तो या आजाराचा अभ्यास नव्हता. तेव्हा सांगलीच्या मुलीची थुंकी एडिनबर्गच्या आकड्यांशी ताडून भाकीत करणे हे दुप्पट चुकीचे ठरेल.

या आजाराच्या इतिहासात घाईची किंमत एकदा मोजून झालेली आहे. २००९ साली सायन्स या नियतकालिकात असा दावा छापून आला की, तपासलेल्या १०१ रुग्णांपैकी ६८ जणांच्या रक्तात एक्सएमआरव्ही नावाचा विषाणू सापडला. रुग्णांना वाटले की अखेर कारण मिळाले. त्या विषाणूची चाचणी पैसे घेऊन विकली गेली, आणि काहींनी तर एड्सवरची औषधेही घेतली. पुढे तो विषाणू प्रयोगशाळेतल्या दूषित नमुन्यांतून आला होता असे निष्पन्न झाले आणि डिसेंबर २०११ मध्ये तो लेख मागे घेण्यात आला. डिकोडएमईचे काम त्याहून कितीतरी अधिक काटेकोर आहे, दोन्हींना एका तागडीत मी घालत नाही. पण विक्रेते त्या वेळीही शास्त्रज्ञांच्या आधी दारात पोहोचले होते.

आता घराण्याचा प्रश्न. अमेरिकेतल्या युटा राज्यात तिथे येऊन वसलेल्या कुटुंबांच्या वंशावळी अनेक पिढ्या जपून ठेवलेल्या आहेत. आपल्या भागात हेळवी येऊन पिढ्यांची नावे घडाघडा वाचून दाखवतात, तशीच ती परंपरा समजा. फरक एवढाच की तेथे त्या वंशावळी वैद्यकीय नोंदींशी जोडलेल्या आहेत. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासात असे आढळले की, रुग्णाचे आईवडील, भावंडे आणि मुले यांना हा आजार असण्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे २.७ पट होते. आत्या, मावशी, काका, मामा यांच्या नात्यात ते सुमारे २.३ पट आणि चुलत-मावस भावंडांच्या नात्यात १.९ पट होते. चुलत-मावस भावंडे सहसा एका छपराखाली राहत नाहीत, एका ताटात जेवत नाहीत. तरीही प्रमाण वाढलेले दिसते, तेव्हा घरातले वातावरण एवढ्याने ते समजावता येत नाही आणि आनुवंशिकतेचा काही वाटा मानावा लागतो.

पटींचे आकडे ऐकून घाबरू नका, कारण पट कशाची हे महत्त्वाचे असते. ब्रिटनमध्ये या आजाराचे सुमारे ४,०४,००० लोक असावेत असा अंदाज आहे, म्हणजे हजारी सहा. सहाची २.७ पट केली तर सोळा होतात. ढोबळ हिशेबाने बोलायचे तर, रुग्णांच्या हजार बहिणींपैकी नऊशे चौऱ्याऐंशी जणींना हा आजार नसेल. आता दुसरा हिशेब तुम्हीच करून पाहा. धाकटीसाठी येणाऱ्या स्थळांत किती घरी आईला किंवा वडिलांना मधुमेह आहे? मधुमेहाचा वारसा याहून किती तरी जड असतो, पण तो पाहुण्यांच्या चौकशीत येत नाही, कारण त्या आजाराला कोणी सोंग म्हणत नाही.

पाहुण्यांना खरे तेच सांगा, पण ते आधी थोरलीला विचारून सांगा. आजार तिचा आहे आणि त्याची वाच्यता किती करायची हे ठरवण्याचा पहिला अधिकारही तिचाच आहे. ती हो म्हणाली तर दोन वाक्ये पुरतात. थोरल्या मुलीला तापानंतर एक दीर्घकालीन आजार जडला आहे, उपचार चालू आहेत आणि ती आमच्याजवळ असते. कोणी खोलात शिरून विचारले तर मूळ आजाराचे नाव सांगावे आणि वरचा हिशेब सांगावा. एवढ्यावर जे स्थळ मागे सरेल त्याच्या पाठीमागे जनुकीय अहवाल घेऊन धावण्यात अर्थ नाही. आणि समजा अहवाल निर्दोष आला, तरी तो धाकटीने पुढची पन्नास वर्षे काखोटीला मारून फिरायचा काय? पाहुणे यायच्या दिवशी थोरलीला आतल्या खोलीत दार लावून ठेवू नका, एवढे मात्र न विचारता सांगतो.

तुमच्या नणंदबाईंचे निदान मी या पत्रातून करू शकत नाही. विषमज्वरानंतर वर्षानुवर्षे उठता न येण्यामागे त्या काळात न सापडलेली क्षयापासून थायरॉईडपर्यंत अनेक कारणे असू शकतात. पण त्यांना दिलेले नाव मागे घ्यायला निदानाची गरज नाही. हे मी कोणत्या तोंडाने सांगतो तेही ऐका. नव्वदच्या दशकात माझ्या दवाखान्यात एक तरुण शिक्षिका येत असे. फळ्यावर लिहिताना हात उचलवत नाही, दुपारनंतर मुलांची नावे आठवत नाहीत, अशी तिची तक्रार होती. रक्ताचे सगळे अहवाल चांगले आले तेव्हा मी तिच्या वडिलांना बाजूला घेऊन, लग्न झाले की ठीक होईल, असे सांगितले. ती पुन्हा आली नाही. आज मला तिच्या तक्रारीतले शब्द आठवतात, तिचे नाव आठवत नाही.

यजमानांचे पहाटेचे चालणे मात्र आजपासून थांबवा. त्यांचा हेतू चांगला आहे यात शंका नाही, आणि कित्येक वर्षे डॉक्टरही हेच सांगत होते. २०११ साली लॅन्सेटमध्ये छापून आलेल्या पेस या ब्रिटिश चाचणीने टप्प्याटप्प्याने वाढवायच्या व्यायामाची शिफारस केली होती. तिच्या पद्धतीवर पुढे जोरदार आक्षेप घेतले गेले, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये नाइस या ब्रिटनमधील मार्गदर्शक संस्थेने, ठरावीक वाढीचा असा व्यायाम या रुग्णांना देऊ नये, असे स्पष्ट लिहिले. त्याऐवजी आपल्या ताकदीच्या मर्यादेच्या आत राहून दिवसाची आखणी करण्याचा सल्ला दिला. रुग्ण त्याला पेसिंग म्हणतात. बरे वाटते त्या दिवशी राहिलेली सगळी कामे उरकून टाकण्याचा मोह होतो, तो आवरणे हा पेसिंगमधला सर्वात कठीण भाग आहे, आणि त्यात घरच्यांनी "आज बरी दिसतेस, मग एवढे कर" असे न म्हणणेही आले.

वाचलेल्या बावीस हजारांतला थोडा भाग दुसरीकडे वापरता येईल. हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी१२, थायरॉईड, साखर, यकृत व मूत्रपिंडाच्या तपासण्या, गव्हाच्या असह्यतेची म्हणजे सीलियाकची रक्ततपासणी आणि क्षयाची शंका दूर करणाऱ्या तपासण्या झाल्या आहेत का, ते जुन्या फायलीत पाहा. त्यांतली एखादी राहिली असेल तर पुण्याच्या डॉक्टरांना विचारून करून घ्या. शिवाय एक तपासणी जवळजवळ फुकट आहे. मुलीला दहा मिनिटे आडवे पडू द्यावे आणि नाडी मोजावी. मग तिला आधाराने उभे करून दहा मिनिटे दर मिनिटाला नाडी आणि अधूनमधून रक्तदाब मोजावा. रक्तदाब न उतरता नाडी तीस किंवा त्याहून अधिक ठोक्यांनी वाढून तशीच राहिली तर ते पॉट्स या विकाराचे चिन्ह असू शकते. तो या आजाराच्या अनेक रुग्णांत सोबतीला असतो आणि त्यावर काही उपचार आहेत. ही तपासणी डॉक्टरांच्या समोर करावी, कारण चक्कर येऊन ती पडू शकते.

लीड्सच्या चिरंजीवांना कळवा की डिकोडएमईची नोंदणी २०२३ मध्येच संपली आहे, त्यामुळे तेथे थुंकी पाठवण्याची धडपड नको. त्यांना काही करायचेच असेल तर नाइसच्या त्या मार्गदर्शिकेतला श्रमांविषयीचा भाग वडिलांसाठी मराठीत उतरवून पाठवावा. मुलाच्या हातचे वडील वाचतील.

केसांविषयी शेवटी लिहितो, कारण तुमच्या पत्रातली तीच ओळ माझ्या मनात राहिली. केस धुताना हात डोक्याच्या वर धरावे लागतात, गरम पाण्याच्या वाफेत उभे राहावे लागते आणि वाकावेही लागते. या तिन्ही गोष्टी अशा रुग्णाला एकदम झेपत नाहीत. न्हाणीघरात पाठ टेकता येईल अशी प्लॅस्टिकची खुर्ची ठेवा, पाणी कोमट घ्या आणि अंघोळ व केस वेगवेगळ्या दिवशी ठेवा. केस तिने स्वतः न धुता तुम्ही किंवा धाकटीने धुऊन दिलेले तिला चालतील का, हे तिला विचारा. कदाचित तिला ते आवडणार नाही, तेव्हा आग्रह करू नका. पण हो म्हणाली तर तीन रविवार तसे करून पाहा आणि सोमवारी ती कशी असते ते मला कळवा.